रक्तपिशाच्चांच्या गर्दीत जावई

आमच्या मुलीसाठी मुलगा पाहण्याचा कार्यक्रम थिएटरात झाला. एप्रिलमधला रविवार, दुपारी बाराचा शो, आणि एका रांगेत आम्ही पाच जण: माझे वडील, माझी मोठी बहीण, माझा नवरा, मुलगी आणि मी. मुलगा पडद्यावर होता. म्हणजे असायला हवा होता. सव्वादोन तास आम्ही त्याला शोधलं, आणि बाहेर आलो तेव्हा तिघांनी तीन वेगवेगळे मुलगे पाहिलेले होते. मला एकही सापडला नव्हता.

याचं सगळं श्रेय माझ्या वडिलांकडे जातं. बाबा टपाल खात्यात होते. आमच्या घरात पत्रिका पाहत नाहीत. छप्पन्न साली माझ्या आजोबांनी पाच-सहा वर्षांच्या बाबांना खांद्यावर बसवून धम्मदीक्षेच्या सोहळ्याला नेलं, आणि घरी परतल्यावर देव, पत्रिका, भुतंखेतं सगळं एका दमात बाहेर काढलं. मग लग्नं जुळवायची कशी? बाबांनी मोठेपणी आपली पद्धत काढली. मुलगा कामावर असताना, त्याला न सांगता जाऊन पाहायचा. "घरी बसून चहा पेनारा पोट्टा साजराच दिसते," ते म्हणतात. "मानूस कामावर पाहा लागते." ताईच्या वेळी मुलगा शिक्षक होता, तर बाबा त्याच्या वर्गाच्या खिडकीखाली तासभर उभे राहिले, पोरांना मारतो का ते ऐकायला. माझ्या वेळी मुलगा वीजबिलाच्या खिडकीत कारकून होता, तर ते रांगेत लागले आणि खिडकीशी पोचल्यावर मुद्दाम भलतंच बिल पुढे केलं. मुलगा चिडला नाही, म्हणून माझं लग्न झालं. तो त्या दिवशी तापानं अर्धमेला होता आणि चिडायचं त्राणच नव्हतं, हे मला लग्नानंतर कळलं.

मी स्वतः एका सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. माझी पद्धत बाबांहून सोपी. नात्यात कुणाचंही लग्न ठरू लागलं, की मी एकच विचारते: रक्तगट काय? लोक हसतात. मी हसत नाही. कितीतरी वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. बाहेर माणूस घामाघूम उभा असतो, वर त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावर असते, आणि तिचा रक्तगट विचारला तर तो अशा चेहऱ्यानं पाहतो, जणू मी तिचा शाळेतला हजेरी नंबर विचारला. नमुना तपासल्याशिवाय आम्ही पिशवी देत नाहीच. पण आपल्या माणसाचं एवढं तरी माहीत असावं की नाही?

घरात माझ्या नोकरीला फारसा मान नाही. नवऱ्याला रक्ताचं नाव काढलं तरी जेवण जात नाही. ताई कधीही येते आणि हिमोग्लोबिन पाहून दे म्हणते. मुलगी तर गेलं वर्षभर जेवताना मधूनच विचारायची, "आई, बी निगेटिव्ह आहे का वं सध्या तुमच्याकडे?" ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे नाना तऱ्हेचे पेशंट येतात, असेल कुणाला हवं असं मला वाटायचं. "मी काय भाजीवाली आहे, आज काय ताजं आलं ते सांगायला?" असं मी खेकसायची आणि मग सांगायची. बहुतेक वेळा नाही असंच सांगावं लागायचं. तो गट सहजासहजी मिळत नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मेथी निवडताना तिनं सांगितलं, की तिला एक मुलगा आवडतो.

"काय करते?" मी विचारलं.

"पडते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सिनेमात पडते. गच्चीवरून, जिन्यावरून, घोड्यावरून. हिरोच्या ऐवजी."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. पुढची माहिती तुकड्यातुकड्यांनी आली. मुलगा खाप्याचा, घरी आई आणि लहान भाऊ. लहानपणी कन्हान नदीत खडकावरून उड्या मारायचा, तिथून कसा कोण जाणे हैदराबाद-मुंबईच्या शूटिंगवर पोचला. दीड वर्षापूर्वी त्याचा डावा खांदा निखळला, तेव्हा तो घरी आला आणि हिच्या क्लिनिकमध्ये व्यायामाला यायला लागला. खांदा दोन-तीन महिन्यांत बरा झाला. तो मात्र येतच राहिला.

"तुझं हो असेल तरच करीन," ती शेवटी म्हणाली. "पण तू नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. तू आरामात विचार कर."

आरामात म्हणे! मला असा राग आला, की मेथीच्या काड्या आणि पानं एकत्र झाली. चांगली स्थळं सांगून येत होती तिला, बैठ्या नोकऱ्या असलेली. मी रोज पाहते माणूस तुटल्यावर काय होतं ते. माझ्या हातून गेलेल्या पिशव्या कधी कधी परत येतात, कारण ज्याच्यासाठी मागवल्या तोच उरलेला नसतो. आणि माझ्या मुलीनं निवडलेला मुलगा पोटासाठी पडतो. मला भीती वाटली, सरळ सरळ भीती. त्याच वेळी हेही खरं, की त्याच्याविषयी बोलताना तिचा चेहरा जसा झाला होता तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. हो म्हणावं की नाही, काही म्हणता काही कळेना. फोनमध्ये त्याचा फोटो पाहिला. सडपातळ, कोवळी मिशी, उन्हानं डोळे बारीक केलेले. फोटोवरून काय कळणार?

बाबांना मात्र लगेच कळलं काय करायचं ते. मुलगा शूटिंगवर होता, महिन्याभरानं येणार होता, पण त्यानं काम केलेला एक सिनेमा तेवढ्यात लागला.

"मंग कामावरच हाय ना पोट्टा," बाबा म्हणाले. "चला, पाहून येऊ."

"आजोबा, त्यात तो ओळखू येणार नाही," मुलगी म्हणाली. "तोंडच दिसत नाही त्याचं. कोणता आहे ते मलेही माहीत नाही. विचारलं तर सांगत नाही तो."

"न सांगताच पाहा लागते. तवाच खरं काम दिसते."

बाबांपुढे कुणाचं चालत नाही. रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि भावी जावयाला त्याच्या कामाच्या जागी पाहायला ते निघाले. ताई जरीकाठाची साडी नेसून आली. मी तिला म्हटलं, "मुलगा तुले पाहणार नाही वं." तर म्हणाली, "आपून तं त्याले पाहून राहिलो ना."

सिनेमाची गोष्ट मला जेवढी कळली तेवढी सांगते. थंड हवेचं गाव, चहाचे मळे, टेकडीवर जुना बंगला, बंगल्यात रक्तपिशाच्चं. काळा लांब कोट घातलेला एक शिकारी येतो, त्याच्याकडे चांदीचा कोयता असतो, आणि तो एकेकाला गाठून मारतो. मग बंगल्यातून आणखी निघतात. त्यांना मारलं की आणखी. ती कुठून आली, एकमेकांची कोण लागतात, दिवसा कुठं झोपतात, कशाचा पत्ता लागत नव्हता. मारामारी इतकी, की घाबरायला सवडच मिळेना. पुढच्या रांगेतलं कॉलेजचं टोळकं शिट्ट्या मारत होतं, आणि मागची बाई आपल्या नवऱ्याला सारखी विचारत होती, "हा मघाशी मेला होता ना?" मलाही तेच विचारायचं होतं.

रक्ताविषयी तर मी बोलूच नये. लालभडक, पातळ, सरबतासारखं. शिरेतलं रक्त काळपट असतं आणि थोड्या वेळात गोठतं. यांचं रक्त मध्यंतरापर्यंत भिंतीवरून ओघळतच होतं. एकेक पिशाच्च अख्खा माणूस रिकामा करायचं. आम्ही एकाकडून एक पिशवी घेतो, वर बिस्किटं देतो, दहा मिनिटं बसवून ठेवतो. हे मी मुलीच्या कानात सांगितलं. एरवी ती हसली असती. तिनं ऐकलंच नाही.

ती माझा दंड धरून बसली होती, आणि तिचं घाबरणं मला कळेना. कपाटातून पिशाच्च एकदम तोंडावर आलं, सगळं थिएटर किंचाळलं, ताईनं पदर डोळ्यांवर ओढला, तेव्हा ही ढिम्म. आणि कुठलं तरी बिननावाचं, पांढऱ्या तोंडाचं पिशाच्च जिन्यावरून गडगडत खाली आलं, ज्याच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं, तेव्हा हिची नखं माझ्या दंडात. थोड्या वेळानं शिकारी काचेच्या खिडकीतून पाठमोरा बाहेर फेकला गेला. लोक टाळ्या वाजवत होते आणि ही श्वास धरून बसलेली. मला वाटलं, या पोरीचं सगळं उलटंच आहे.

शो सुटल्यावर पायऱ्यांवर जो तो आपलं मत सांगत होता. कॉलेजचं टोळकं खूश होतं. एक जण म्हणाला, गोष्ट बकवास, पण फाइट कडक. दुसरा म्हणाला, हॉरर म्हणून आलो आणि कुस्ती पाहून चाललो. मागच्या रांगेतली बाई नवऱ्यावर चिडली होती, कारण मेलेला माणूस पुन्हा कसा उठला हे त्याला सांगता येत नव्हतं. आमचं टोळकं पाण्याच्या नळापाशी थांबलं आणि तिथं आमची मतं सुरू झाली.

"शिकारीच आपला," नवरा म्हणाला. तो फार खुलला होता. "पाठीवरून ओळखलं मी. फोटोतही खांदे असेच आहेत. काय उडी मारली त्या छतावरून!"

"कायचा शिकारी? तो तं मोठा हिरो होय," ताई म्हणाली. "आपला तो दातवाला होता, त्या गाणंवाल्या पोरीच्या मानेले तोंड लावनारा. मिशी पाहिली मी त्याची. मी सांगून ठेवतो बावा, असा पोट्टा नको आपल्याले."

बाबांनी दोघांनाही हातानं थांबवलं. "तुमी दोघंबी चुकून राहिले. आपला पोट्टा घंटेच्या मनोऱ्यावरून खाली आला तो. सगळ्यात मेहनतीचं काम त्याचंच होतं. एक शब्द बोलला नाही, खाली पडला, मेला, काम झालं. मले पसंत हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पिक्चर मातर मले पटला नाही. लसून पाहून पळते म्हंजे कायचं भूत? कळमन्याच्या बाजारात गेलं तं जागीच मरन."

मुलगी नळाला तोंड लावून पाणी पीत होती. तिचा चेहरा ओला होता आणि मला वाटलं, उकाड्यानं असेल.

"सांग ना वं, कोणता होता?" ताईनं विचारलं.

"घरी सांगते," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर तिनं कूलर लावला, सगळ्यांना पन्हं दिलं आणि खाली मान घालून सांगितलं. "पप्पा म्हणतात तो पण तोच होता. मावशी म्हणते तो नाही, पण त्याला पायऱ्यांवरून ढकलतात तेव्हा पडतो तो तोच. आजोबांचा पण तोच. खिडकीतला पण तोच."

"असं कसं?" नवरा म्हणाला. "शिकारीच पिशाच्चाले मारते."

"पाठमोरा शिकारी तो असतो, आणि खाली पडणारं पिशाच्च पण तोच असतो. वेगवेगळ्या दिवशी."

बाबांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "म्हंजे यानं सव्वादोन घंटे स्वतःलेच मारलं?"

"तुले कसं कळलं?" मी विचारलं. "तोंड तर दिसत नाही म्हणाली होती."

"पडताना डावा खांदा वाचवते तो. मीच शिकवलं आहे. मान आत, उजव्या अंगावर." ती पेले उचलून स्वयंपाकघरात गेली.

माझ्या दंडावर चार नखांचे वळ होते. एकेक वळ कुठल्या पडण्याचा ते मी आठवून पाहिलं. माझी मुलगी सिनेमा पाहतच नव्हती. आम्ही बाकीचे गंमत म्हणून मुलगा शोधत होतो आणि ती मात्र प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर खाली येत होती. मला तिचा राग यायचा थांबला, पण त्या जागी जे आलं ते काही बरं नव्हतं. आयुष्यभर ही अशीच पाहणार का?

मुलगा यायला अजून तीन आठवडे होते. मुलाची चौकशी करायची तर लोक त्याच्या गल्लीत जातात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतात, शेजारणीला गाठतात. मला वाटलं, याची गल्ली म्हणजे त्या सिनेमाचे प्रेक्षक. म्हणून मी त्यांची मतं वाचायला बसले. दुपारी डबा खाताना, नमुने यंत्रात फिरत असताना, घरी भाताच्या शिट्ट्या होईपर्यंत मी मोबाईलवर सिनेमाबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचत होते. नवरा म्हणाला, तू परीक्षेला बसली आहेस का?

परीक्षाच होती, आणि प्रश्नपत्रिकाच कळत नव्हती. कुणाला सिनेमा डोक्यावर घ्यावासा वाटत होता, कुणाला तिकिटाचा पश्चात्ताप होत होता. कुणी म्हणत होतं, भीती कुठं आहे, नुसतीच ठोकाठोकी. कुणी म्हणत होतं, ठोकाठोकी आहे म्हणून तर बसवलं. एकानं सहा-सात ओळी फक्त हिरोच्या कोटावर लिहिल्या होत्या. माझ्या कामाचं होतं ते वेगळं. एकानं लिहिलं होतं, की मारामारी साफ बनावट वाटते, सगळं तारांना बांधून केलेलं दिसतं. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. बनावट आहे! म्हणजे पोराला काही होत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. मग मला रागही आला, की हा कोण टिकोजीराव आमच्या मुलाचं काम बनावट ठरवणारा? खाली दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं होतं, की खिडकीतून पडण्याचा प्रसंग इतका खरा आहे की अंगावर काटा आला. मला अभिमान वाटला. आणि लगेच मी मोबाईल पालथा ठेवला.

पंधरा दिवस माझं असंच चाललं. कुणी वाईट लिहिलं की बरं वाटायचं आणि अपमान व्हायचा. कुणी चांगलं लिहिलं की ऊर भरून यायचा आणि भीती वाटायची. पोरगं कामाचं असेल तर मुलगी काळजीत जाणार, पोरगं सुखरूप असेल तर ते कामाचं नाही. माझं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी एवढी शिकलेली बाई, रक्ताच्या एका थेंबावरून माणसाचा गट सांगते, आणि एका सिनेमावरून मला हो की नाही ठरवता येत नव्हतं. त्या दिवसांत मी रक्तपेढीतही नको तितकी चिडत होते. एका रक्तदात्यानं सुई पाहून हात मागे घेतला तर त्याला म्हटलं, लोक खिडक्यांमधून उड्या मारतात आणि तुम्ही एवढ्याला घाबरता? त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं हात पुढे केला.

मुलगी काही विचारत नव्हती. त्याचा फोन आला की गच्चीवर जायची. खाली आली की माझ्याकडे पाहायची आणि मी भांडी आवरायला लागायची.

शेवटी मुलगा आला. मेचा पहिला आठवडा, डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन, आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. खाप्याहून बसनं आला होता. दिवाणाच्या अगदी कडेला बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोटोपेक्षाही बारीक. याला पाहून माझा पहिला विचार आला तो असा, की वारा सुटला तर याला धरावं लागेल. पाणी घेताना त्यानं उजवा हात पुढे केला आणि डावा तसाच राहिला, तेव्हा मनगटाशी बाही वर सरकली. आत लांबलचक टाक्यांचा जुना व्रण होता. मी असे व्रण ओळखते. त्यानं बाही पुन्हा खाली ओढली.

मुलीनं तर्री-पोहे केले होते. बाबांनी लसणाच्या चटणीची वाटी मुद्दाम त्याच्यापुढे सरकवली आणि तो खातो की नाही ते पाहत राहिले. त्यानं दोन चमचे घेतली. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं मुलगा पास झाला होता.

"मले एक सांग गा," ते त्याला म्हणाले, "तू शिकारी होता का पिशाच्च?"

"दोन्ही होतो आजोबा. आम्ही चौघं होतो पडणारे. ज्याचा कोट सुकलेला असेल तो शिकारी."

नवरा जोरात हसला. ताईनं दातवाल्याबद्दल विचारलंच. तो मुलगा लाजून म्हणाला, की तो मोठा नट आहे, मला तर गाण्याच्या दिवशी बोलावलंही नव्हतं. ताईचं समाधान झालं आणि तिनं त्याला आणखी पोहे वाढले. सगळ्यांचे प्रश्न सुटत होते. माझाच सुटत नव्हता.

मग मी विचारलं. पंधरा दिवस वाचलेलं सगळं एकदम तोंडावर आलं. "लोक लिहून राहिले, का ती मारामारी खोटी वाटते. कोणी म्हणते खरी आहे. मी सगळं वाचलं. मले एकदा सांगून दे, खोटी असते का खरी?"

त्यानं बशी खाली ठेवली. इतका वेळ तो खाली पाहून बोलत होता, आता माझ्याकडे पाहिलं.

"मारणं खोटं असते काकू," तो म्हणाला. "पडणं खरं असते."

मला वाटलं होतं, त्यानं खोटं तरी सांगावं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काही होत नाही काकू, गाद्या घालतात, तारा बांधतात. यानं तसं काही म्हटलं नाही. मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याचा रागही आला. कुठल्या बाजूनं बोलावं ते सुचेना. आणि काही सुचलं नाही की मी जे विचारते तेच माझ्या तोंडून निघालं.

"रक्तगट काय?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला.

"बी निगेटिव्ह."

तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. मी वळून पाहिलं. ती चहाच्या गाळणीशी उभी होती आणि माझ्याकडेच पाहत होती. एक वर्ष. वरण-भातावर तूप घालताना, मी दमून आले असताना, सणावाराला. आई, बी निगेटिव्ह आहे का वं सध्या? तो कुठल्या तरी डोंगरावर छतावरून उडी मारायचा असेल, आणि ही इथं जेवायच्या ताटावर बसून तेवढं विचारून घ्यायची. नाही म्हटलं की गप्प व्हायची. मी काय भाजीवाली आहे, म्हणून मी तिच्यावर खेकसायची. माझ्या खिडकीच्या बाहेर इतकी वर्षं माणसं आली, आपल्या माणसाचा गट माहीत नसलेली. माझी मुलगी वर्षभर त्याच खिडकीशी उभी होती आणि मला दिसली नव्हती.

माझे डोळे भरून आले. सगळ्यांच्या देखत, आणि मला ते आवडत नाही. बाबांनी विचारलं, काय झालं वं? मी म्हटलं, तर्री तिखट झाली आहे. मुलगा घाबरून उभा राहिला होता. त्याला वाटलं असावं, आपला रक्तगट चुकला.

"बस," मी त्याला म्हणाले. तो बसला.

"आता शूटिंग कवा आहे तुझं?"

"चौदा तारखेपासून, काकू. हैदराबादले."

"ज्या दिवशी पडायचं असेल ना, त्याच्या आदल्या दिवशी मले फोन करायचा. तिले नाही, मले. तिथल्या रक्तपेढीत तुझा गट आहे का ते मी विचारून घेत जाईन. तो गट सहज मिळत नाही."